लोकपद्धतीशास्त्राला पर्यायी पेपरात ढकलू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमावर चर्चा झाली. तीत एका लेखकाने एथ्नोमेथडॉलॉजी, म्हणजे आपल्याकडे ज्याला लोकपद्धतीशास्त्र म्हणतात तो विषय (माणसे रोजचे व्यवहार एकमेकांना पटतील अशा रीतीने कसे पार पाडतात याचा अभ्यास), सक्तीच्या पेपरातून काढून पर्यायी पेपरात टाकावा असे सुचवले. त्यासाठी कारणे दोन दिली. हा विषय बोलण्याचालण्याच्या बारीकसारीक गोष्टींत अडकतो आणि जात, जमीन, स्थलांतर हे प्रश्न बाजूला पडतात, हे एक. खुद्द त्याच्या प्रवर्तकांनीच आपण रूढ समाजशास्त्राहून वेगळे आहोत असे सांगितले, हे दुसरे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात हा विषय शिकवणाऱ्या आणि विद्यार्थ्यांकडून क्षेत्रकार्य करून घेणाऱ्या आम्हा अध्यापकांना ही सूचना घातक वाटते. लोकपद्धतीशास्त्र संशोधनपद्धतीच्या सक्तीच्या पेपरात हवे, तेही सर्वेक्षण आणि सांख्यिकीच्या आधी. जमिनीचे आणि स्थलांतराचे आकडे ज्या कागदांतून येतात, ते कागद कसे तयार होतात हे समाजशास्त्राची दुसरी कोणतीही शाखा इतक्या जवळून दाखवत नाही.

आरोप जुनाच आहे. या शाखेचे प्रवर्तक हॅरॉल्ड गार्फिंकेल यांचे 'स्टडीज इन एथ्नोमेथडॉलॉजी' १९६७ साली आले आणि पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी त्यावर अत्यंत कडक परीक्षण लिहिले. १९७५ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात लुइस कोझर यांनी या शाखेला आशय नसलेली पद्धत ठरवले. तिचा एक पंथ झाला आहे आणि तो आपल्याच भाषेत आपापसांत बोलतो, असेही ते म्हणाले. पण त्या भाषणात आरोपीच्या पिंजऱ्यात दोघे होते. दुसरे होते पाथ अ‍ॅनालिसिस, म्हणजे चलांमधील कार्यकारणाचे मार्ग मोजणारे सांख्यिकी तंत्र. ते तंत्र आज सक्तीच्या पेपरात बिनबोभाट शिकवले जाते, त्याच्या आशयाबद्दल कोणी विचारत नाही. कोझर यांचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा.

गार्फिंकेल यांचा प्रश्न मुळात समाजशास्त्राच्या पायाचाच होता. ते हार्वर्डला टॅलकॉट पार्सन्स यांचे विद्यार्थी, १९५२ साली त्यांनी तिथे पीएच. डी. केली. समाजात सुव्यवस्था कुठून येते याला पार्सन्स यांचे उत्तर होते : लोकांच्या अंगी मुरलेल्या नियमांतून. गार्फिंकेल यांनी पुढचा प्रश्न विचारला. समोरच्या या प्रसंगाला नियम कसा लावायचा, हे नियम स्वतः सांगत नाही. ते माणसे तिथल्या तिथे, एकमेकांना पटेल अशा रीतीने करतात. मग ते कसे करतात? एवढ्याच प्रश्नावर त्यांनी सारे आयुष्य घालवले.

त्यांच्या एका अभ्यासात लॉस एंजेलिसच्या एका मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात कोणत्या रुग्णांना उपचारासाठी निवडले जाते, हे शोधायचे होते. दीड हजारांवर फाइली घेऊन दोन पदव्युत्तर विद्यार्थी संकेतांकनाला, म्हणजे नोंदी ठरावीक रकान्यांत बसवायला, बसले. संकेतांकन एकसारखे व्हावे म्हणून नियम लिहून दिलेले होते. तरी प्रत्येक फाइलपाशी त्यांना 'इत्यादी', 'हे सोडून', 'चालवून घेऊ' असे करत पुढे जावे लागले. फाइलीतली नोंद कोणत्या रकान्यात बसते हे ठरवायला दवाखान्याचे कामकाज कसे चालते हे आधी माहीत असावे लागे, आणि संशोधनाने शोधायचे होते ते नेमके तेच. शिवाय फाइली अर्धवट भरलेल्या होत्या. गार्फिंकेल यांनी दाखवले की त्या तशा असण्याला विभागाच्या दृष्टीने सबळ कारणे होती. उद्या कोणी जाब विचारला तर रुग्ण आणि विभाग यांच्यात जे घडले ते रीतसर होते असे त्यांतून दाखवता यावे, एवढ्यासाठी त्या होत्या. संशोधकाच्या तक्त्यासाठी त्या कोणी लिहिल्या नव्हत्या.

आता हेच कोकणात आणून पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, मे २०२१ मध्ये तौक्ते. दोन्ही वेळा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचे संयुक्त पंचनामे झाले. पीक ३३ टक्के किंवा अधिक बाधित असेल तर मदत, आणि नोंद क्षेत्रात, म्हणजे हेक्टर आणि आर यांत. भाताच्या खाचराला हा हिशोब बरा लागू पडतो. वाडीत तो लागू करावा कसा? हापूसची लागवड १० बाय १० मीटरवर धरली तर हेक्टरी १०० झाडे होतात आणि एका झाडामागे एक आर निघतो. म्हणजे साठ वर्षांचे उन्मळलेले कलम आणि पाच वर्षांचे मोडलेले रोप कागदावर सारखेच. पोफळ साधारण २.७ मीटरवर लावतात, तेव्हा एका पोफळीला जेमतेम सव्वासात चौरस मीटर येतात. पण ती पोफळ माडाखाली असते, तिच्यावर मिरीचा वेल असतो, शेजारी जायफळ असते. एकाच जमिनीवर तीन-चार पिके. माड पडला आणि पडताना त्याने चार पोफळी मोडल्या, तर बाधित क्षेत्र एकदाच धरायचे की पिकागणिक? झाड कलंडले आहे पण अर्धी मुळे मातीत आहेत, दोर लावून उभे केले तर जगेल. ते 'नष्ट' की 'बाधित'? शासन निर्णय कितीही तपशिलात लिहिला तरी या प्रश्नांची उत्तरे बांधावर उभ्या असलेल्या तिघांना, बागायतदाराच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत, द्यावीच लागतात. शेजारच्या वाडीत काल काय धरले याची आठवण तिथे नियमाइतकीच कामाला येते, कारण आज वेगळे धरले तर गावकरी विचारणार.

घरांचेही तेच. कच्च्या-पक्क्या घराची अंशतः पडझड मदतीस पात्र ठरायला किमान १५ टक्के नुकसान लागते. निम्मी कौले उडाली, वासे शाबूत, पण पावसाने मातीची भिंत फुगली आहे : हे किती टक्के? टक्केवारी मोजायला तिथे कोणतेही यंत्र नसते. छायाचित्रात दिसेल, पंचांना पटेल आणि लेखापरीक्षणात टिकेल असा आकडा ठरवला जातो, आणि ते ठरवण्यात खरे कौशल्य असते.

याहून गुंतागुंतीचा भाग सामाईक सातबाऱ्याचा. एका गटावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली काही मयत, वारसनोंद झालेली नाही, काही हिस्सेदार मुंबईत. मदत वाटायची तर संमतीपत्र लागते. प्रत्यक्षात जो गावात राहून बाग राखतो त्याच्या नावे कागद पुढे सरकतो. पाच वर्षांनी एखादा विद्यार्थी लाभार्थ्यांची यादी घेऊन 'या गावात बागायतदार इतके' असा तक्ता करतो, आणि गाव कधीच नव्हते तसे त्या तक्त्यात उभे राहते. चूक इथेच होते, तक्त्यात. पंचनामा आपल्या कामापुरता चोख होता : पैसा योग्य दारी पोचावा आणि उद्या तक्रार आली तर उत्तर देता यावे. 'तलाठ्यांनी निष्काळजीपणा केला' असा निष्कर्ष प्रबंधात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने नोंद वाचलेलीच नसते. ती कशी वाचायची हे त्याला शिकवलेले नसते.

स्थलांतराचा प्रश्न बाजूला पडतो म्हणणाऱ्यांनी जनगणनेचा तक्ता घ्यावा. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. चाकरमान्यांचा जिल्हा, असे म्हणून आपण पुढे जातो, आणि ते खरेही आहे. पण 'कुटुंब' म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी आणि एरवी एकत्र राहणारी माणसे, ही व्याख्या प्रगणक उंबऱ्यावर उभा राहून लावतो. चूल वेगळी पण घर एक, म्हातारी सकाळी थोरल्याकडे जेवते आणि रात्री धाकट्याकडे, मुलगा नोकरीला मुंबईत पण रेशनकार्डावर गावात; अशा घरी किती कुटुंबे मांडायची हे त्या दारातच ठरते. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, शिमग्याच्या आधी. गणेशोत्सवात किंवा शिमग्यात भरलेले घर तेव्हा रिकामे होते.

स्त्रियांच्या कामाची नोंद तर याहून नाजूक. सहा महिने वा अधिक काम केले तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांत, अजिबात नसेल तर बिगर कामगार. आता पुढचा तुकडा पाहावा. तो केवळ खुणा समजाव्यात म्हणून रचला आहे. संशोधनात रचलेले संवाद चालत नाहीत, तिथे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणच लागते.

प्रगणक : तुम्ही काय काम करता?
(०.८)
बाई : नाय. घराकच आसतंय.
प्रगणक : गृहिणी.

कंसातला आकडा म्हणजे आठ दशांश सेकंदाची शांतता. प्रश्न आहे 'काय', उत्तर आहे 'नाय'. म्हणजे बाईंनी प्रश्न नोकरीबद्दलचा म्हणून ऐकला आणि त्याला उत्तर दिले. तिसऱ्या वाक्यात प्रगणकाने तिच्या उत्तराला रकान्याचे नाव दिले आणि विषय संपवला. तो थोडा थांबला असता, किंवा त्याने 'मासळी सुकवता का, बाजारात नेता का' असे विचारले असते, तर ऑक्टोबर ते मे बोंबील आणि जवळा सुकवणारी तीच बाई मुख्य कामगार ठरली असती. सूचनापुस्तिकेत बायकांच्या कामाबद्दल खोदून विचारा असे सांगितलेले असतेच. पण किती खोदायचे, किती सुकवले म्हणजे काम, हे सांगायला आणखी एक सूचना लागेल, आणि तिला आणखी एक. कुठेतरी प्रगणकाला आपल्या समजेने थांबावे लागते. मासेमार वस्तीतल्या स्त्रियांचा श्रमातला वाटा या थांबण्यावर अवलंबून असेल, तर याला क्षुल्लक कसे म्हणणार?

हे ऐकण्याचे तंत्र, म्हणजे संभाषण विश्लेषण, हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी बसवले. बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते यावरचा तिघांचा निबंध १९७४चा. पुढच्याच वर्षी सॅक्स अपघातात गेले, वय अवघे चाळीस. लेखनाच्या खुणा जेफरसन यांच्या : कंसात शांततेचा काळ दशांशात, अगदी लहान थांब्याला कंसात टिंब, दोघांचे बोलणे एकमेकांवर आले तर चौकटी कंस, लांबवलेल्या स्वरापुढे विसर्गासारखी दोन टिंबे. एका मिनिटाचे बोलणे असे उतरवायला नवशिक्या विद्यार्थ्याला तास सहज लागतो. म्हणून पाच मिनिटांपेक्षा जास्त मुद्रण प्रकल्पाला घेऊ देऊ नये. वर्गात हे हमखास बिघडते ते तीन ठिकाणी. मालवणी किंवा संगमेश्वरी बोली प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहिली जाते आणि पुरावाच पुसला जातो. 'हां', 'अगो', 'बरां' असले शब्द निरर्थक म्हणून गाळले जातात, वास्तविक पाळी कुणाची हे बहुतेक वेळा त्यांवरूनच कळते. आणि मुद्रण ऐकण्याऐवजी विद्यार्थी त्या माणसालाच जाऊन विचारतो, 'तुम्ही असे का बोललात?' मग हाती येते ती मुलाखत, मूळ प्रसंग निसटतो.

विषयाची बदनामी व्हायला नियमभंगाचे प्रयोगही कारण आहेत, आणि इथे दोष शिकवणाऱ्यांचा आहे. गार्फिंकेल यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी पंधरा मिनिटे ते एक तास पाहुण्या भाडेकरूसारखे, अदबीने, विचारल्याशिवाय न बोलता वागायला सांगितले होते. घरची माणसे गोंधळली, चिडली, 'बरे नाही का' असे विचारू लागली. एरवी न दिसणारी गृहीतके दिसावीत एवढाच हेतू होता. खरे प्रयोग म्हणून ते करत नाही, मंद कल्पनाशक्तीला मदत म्हणून करतो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकांनी मात्र सारा विषय तेवढ्यावर आणून ठेवला. आमच्या मते हा गृहपाठ आपल्याकडे देऊच नये. सासरी राहून शिकणाऱ्या मुलीला त्या एका तासाची किंमत महिनाभर मोजावी लागेल.

सत्तेचा आणि इतिहासाचा आक्षेप मात्र गंभीर आहे, तो आम्ही झटकत नाही. सातबारा सामाईक का राहिला, खोती, म्हणजे कोकणातली जुनी जमीनदारी पद्धत, १९४९च्या कायद्याने गेल्यावर कुळांच्या हाती काय आले, घरटी एक माणूस गिरणीत का गेला आणि १९८२च्या संपानंतर त्याचे काय झाले, याची उत्तरे लोकपद्धतीशास्त्र देत नाही. लोकांच्या रीती योग्य की अयोग्य यावर आपण मत देणार नाही, अशी त्याची घोषित भूमिकाच आहे, आणि ती पुष्कळांना टोचते. त्या प्रश्नांसाठी इतिहास आणि राजकीय अर्थशास्त्र शिकलेच पाहिजे. पण समाजशास्त्रज्ञ डोरोथी स्मिथ यांनी याच परंपरेतून घेतलेल्या साधनांनी कागद, अर्ज आणि फाइली माणसांवर राज्य कसे करतात याचा अभ्यास उभा केला, हे विसरू नये. सत्तेकडे जाणारी वाट तिथे आहे.

आपल्या ज्ञानशाखेची परंपराही एकमार्गी नाही. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये १९२४ ते १९५९ मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. स्वतः ग्रंथ आणि इतिहास यांवर भर देणारे. त्यांच्याच हाताखाली प्रत्यक्ष क्षेत्रातला समाज पाहा म्हणणारे एम. एन. श्रीनिवास तयार झाले आणि मार्क्सवादी ए. आर. देसाईही. एका विभागात हे सगळे नांदले.

राहिला प्रवर्तकांनी स्वतःला वेगळे म्हणवून घेण्याचा मुद्दा. गार्फिंकेल आपले काम रूढ समाजशास्त्राला समांतर आणि त्याच्याशी न जुळणारे मानत, हे खरे. शाखेच्या आतही यावर वाद झाले. ही मंडळी आता समाजशास्त्राच्या उपनगरात सुखाने स्थायिक होत आहेत आणि जुना मूलगामीपणा गमावत आहेत, अशी तक्रार याच शाखेतल्या मेल्विन पोलनर यांनी १९९१ साली केली. संभाषण विश्लेषणाचा मोठा भाग भाषाशास्त्र आणि संज्ञापनाकडे गेला. पण २००२ साली आलेल्या आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात गार्फिंकेल यांनी नाव घेतले ते समाजशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या द्युर्कहाइम यांचे. सामाजिक तथ्ये वस्तुनिष्ठ असतात हे द्युर्कहाइम यांचे सूत्र मान्य करून ती वस्तुनिष्ठता रोजच्या कामातून कशी घडते हे दाखवणे, असा त्यांचा दावा होता. द्युर्कहाइम यांचा १८९७चा आत्महत्येवरचा अभ्यास सक्तीच्या पेपरात आहे. किनाऱ्याला लागलेल्या प्रेताची पोलीस ठाण्यात आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, मग जबाब, शवविच्छेदन, घरच्यांचे सांगणे यांतून ते बुडणे अपघात होते की आत्महत्या हे ठरते. मॅक्सवेल अ‍ॅटकिन्सन यांनी इंग्लंडमधल्या अशाच चौकशांवर १९७८ मध्ये पुस्तक लिहिले. द्युर्कहाइम शिकवायचे आणि हे शिकवायचे नाही, म्हणजे विद्यार्थ्याला आत्महत्यांचा दर दाखवायचा पण तो ज्या आकड्यावरून काढला तो कुठून आला हे लपवायचे.

आमची सूचना अशी. दुसऱ्या सत्रातल्या संशोधनपद्धतीच्या पेपरात पहिले पंधरा तास या विषयाला द्यावेत आणि त्यातले निम्मे प्रात्यक्षिकाला. पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झाली आहे, तेव्हा तोच धागा घ्यावा. प्रत्यक्ष गणनेचे मुद्रण करता येणार नाही, १९४८च्या जनगणना कायद्याने ती माहिती गोपनीय आहे. म्हणून वर्गातच कामाविषयीचे प्रश्न छापलेला साधा तक्ता करावा. विद्यार्थ्यांच्या चार जोड्यांनी लेखी संमती घेऊन ओळखीच्या घरी तो भरावा आणि ध्वनिमुद्रित करावा. मग मुद्रण न ऐकवता फक्त भरलेले तक्ते दुसऱ्या चार जणांना संकेतांकनाला द्यावेत, त्यांनी जिथे जिथे 'चालवून घेऊ' केले तिथे समासात खूण करायला सांगावे, आणि शेवटी त्या खुणांच्या जागचे मुद्रण लावून सर्वांनी मिळून ऐकावे. याला लागतो एक मोबाइल, आठ तक्ते आणि सलग तीन तासिका. बाह्यपरीक्षकांनी गुण देताना निष्कर्षापेक्षा समासातल्या खुणा पाहाव्यात, एवढी विनंती अभ्यासमंडळाला आपल्या पत्राद्वारे करतो.

आपले,
समाजशास्त्राचे काही अध्यापक
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग